मामीनं घासलेल्या पन्नास पुंगळ्या

एल्डनमामाच्या तळघरात दोन नियम होते. पहिला, तो काट्यावर बंदुकीची दारू मोजत असताना कुणी तोंड उघडायचं नाही; घराला आग लागली असली तरी जिन्यात उभं राहून नुसता हात हलवायचा. दुसरा, काडतुसाची खराब पुंगळी हाताला लागली की तिथल्या तिथे पक्कडीनं चिरडायची. बाजूला ठेवायची नाही, 'नंतर बघू' म्हणायचं नाही. कारण बाजूला ठेवलेली पुंगळी आठ दिवसांनी चांगल्या पुंगळीसारखीच दिसते, आणि मग ती कुणाच्या तरी गालापासून चार बोटांवर फुटते.

हे दोन्ही नियम मला नवव्या वर्षीच पाठ झाले होते. मी पंचेचाळीस वर्षांची असताना मामानं त्यातला दुसरा मोडला, तोही माझ्या डोळ्यांदेखत.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. छत्तीस वर्षं त्यानं कौंटीचा ग्रेडर चालवला. उन्हाळ्यात खडीचे रस्ते सपाट करायचे, हिवाळ्यात त्याच रस्त्यांवरचा बर्फ बाजूला सारायचा. दिवसभर त्या यंत्राच्या घरघरीत एकटा बसून बसून बोलण्याची सवयच गेली असं तो म्हणायचा. मामी म्हणायची, "गेली कसली? होती कधी? लग्नात 'हो' म्हणाला, तेवढंच मी याचं भाषण ऐकलंय." आमच्या गावात नॉर्वेहून आलेल्यांची घरं जास्त, आणि आमच्या लोकांना दोन शब्द पुरत असतील तर तिसरा ते जपून ठेवतात. मी टपालाच्या खिडकीवर बसते, मला विचारा. वर्षभरात पाठवलेली प्रेमपत्रं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

तर असा हा मामा सगळं बोलणं पितळाशी करायचा. बाजारचं भरलेलं काडतूस त्यानं उभ्या जन्मात विकत घेतलं नाही. बार उडाला की रिकामी पुंगळी गवतातून शोधून खिशात घालायची आणि घरी आणून पुन्हा भरायची. आमच्याकडे निम्म्या घरांत हे चालतं, पण मामासारखी सफाई कुणाची नाही. बुडातली जळून गेलेली, ठिणगी पाडणारी टोपी तो आधी ठोकून काढायचा. मग कोमट पाण्यात भांड्यांचा साबण आणि जरासा लिंबाचा रस घालून पुंगळ्या धुवायचा. मग जुन्या टॉवेलवर वाळवण. एकदा घाईच्या दिवसांत त्यानं त्या मामीच्या ॲपल-पायच्या ताटलीत पसरून ओव्हनमध्ये सुकवल्या होत्या, आणि त्या आठवड्यात पाद्रीबाबांनी सफरचंदाच्या पायचे दोन तुकडे खाऊन "यात काही वेगळा मसाला आहे का?" असं विचारलं होतं. तेव्हापासून ओव्हन बंद.

वाळल्या की त्या थरथरणाऱ्या यंत्राच्या भांड्यात जायच्या. भांड्यात अक्रोडाच्या टरफलांचा भुगा. रविवारी दुपारी ते यंत्र सुरू झालं की वरच्या स्वयंपाकघरात बशा हलायच्या, आणि मामी फोनवर मैत्रिणीला सांगायची, "काही नाही गं, याची दुसरी बायको घोरतेय खाली." चार तासांनी पुंगळ्या बाहेर निघायच्या त्या मऊ, लोण्याच्या रंगाच्या. चकाकी म्हणाल तर बेताची. मामा म्हणायचा, "पितळ स्वच्छ पाहिजे, नटलेलं नको." मग खिडकीशी बसून एकेक पुंगळी तो तपासायचा. पेपरक्लिप सरळ करून तिचं टोक वाकवलेलं असायचं. ते आत घालून बुडाजवळ खाच लागते का ते चाचपायचा. खाच लागली की पक्कड.

मामीचंही पितळ होतं, पण ते वरच्या मजल्यावर. लव्हॉनमामी चर्चच्या वेदीची देखभाल करणाऱ्या बायकांत सगळ्यांत जुनी. महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती मेणबत्त्यांची पितळी शमादानं टॉवेलात गुंडाळून घरी आणायची आणि एका चपट्या डब्यातल्या पिवळ्या मलमानं घासायची. त्या मलमाच्या वासानं डोळ्यांत पाणी यायचं. पण शमादानं अशी निघायची की त्यात स्वतःच्या भुवया नीट करून घ्याव्यात. बेचाळीस वर्षं ती दोघं वरखाली बसून पितळ चमकवत होती, आणि एकदाही कुणी दुसऱ्याच्या पितळाला हात लावला नाही. भांडण नव्हतं. तो जिना उतरायचं तिला कधी सुचलं नाही, आणि 'ये' म्हणायचं त्याला सुचलं नाही, एवढंच.

मग मामाचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. पहिल्या वर्षी त्यानं दारू मोजणं आपणहून बंद केलं, कुणी सांगायच्या आधी. वजनकाटा फडक्यात गुंडाळून मला म्हणाला, "सोल्वे, आता हे तू." म्हणून मी दर गुरुवारी टपाल बंद करून तळघरात जायला लागले. मी मोजायची, तो माझ्या खांद्यामागून बघायचा आणि नियमाप्रमाणे दोघंही गप्प. पुंगळ्यांची सफाई मात्र त्यानं सोडली नाही. तेवढंच त्याच्या हातात उरलं होतं. पण दुसऱ्या वर्षी तीही हातातून निसटायला लागली. पुंगळी बोटांतून सुटून सिमेंटच्या जमिनीवर पडली की टिण्ण वाजते. मामी वर कणीक मळताना ते ऐकायची. एकदा मी गेले तर ती ओट्याशी नुसती उभी होती, हात पिठात.

"आज अकरा वेळा," ती म्हणाली. "अकरा वेळा खाली वाकला असेल तो."

"मग जा ना खाली. उचलून दे."

"तो काय म्हणेल?"

"काही म्हणणार नाही. तो कधी काही म्हणतो का?"

"तेच तर," मामी म्हणाली आणि पुन्हा मळायला लागली.

त्या ऑक्टोबरात मामाला तपासण्यांसाठी दोन दिवस बिलिंग्ज शहरातल्या इस्पितळात न्यायचं होतं. मामीच्या गळ्यात नेमकं चर्चचं वार्षिक जेवण. तीनशे माणसांसाठी वाळका मासा भिजत पडला होता आणि बटाट्याच्या पोळ्या लाटायच्या होत्या. म्हणून मी मामाला घेऊन गेले. येताना डॉक्टरांचं बोलणं त्यानं एका वाक्यात संपवलं: "बंदुकीचा हा शेवटचा मोसम, म्हणाला." पुढचे शंभर मैल तो रस्त्याकडे बघत बसला. मधेच एकदा म्हणाला, "खडी नीट पसरली नाहीये इथे."

शिकारीच्या या शेवटच्या मोसमासाठी त्यानं पन्नास पुंगळ्या राखून ठेवल्या होत्या. एकदाच उडवलेल्या, सगळ्या सारख्या, एकीच्याही बुडाला खाच नाही. त्या येत्या गुरुवारी मी भरायच्या असं आमचं ठरलं होतं.

आम्ही घरात शिरलो तर स्वयंपाकघराच्या टेबलावर पांढरा रुमाल अंथरलेला आणि त्यावर पाच रांगांत दहा-दहा, त्या पन्नास पुंगळ्या. अशा झळकत होत्या की दिवा लावायची गरज नव्हती. मामी बाजूला उभी, अॅप्रनला हात पुसत. तीनशे माणसांचं जेवण उरकून, दोन दिवसांत, तिनं एकेक पुंगळी घासली होती. तोंडाच्या आतून कान कोरायच्या काडीनं. तिच्या अंगठ्यांना संधिवात आहे. उजव्या अंगठ्याची कातडी फाटली होती आणि भेगेत काळं भरलं होतं.

"तुला वाकायला नको," ती म्हणाली. "म्हटलं, पितळ ते पितळ. मला येतं की."

मामानं एक पुंगळी उचलली. ती हातात थरथरली. त्यानं ती नाकाशी नेली, क्षणभर डोळे मिटले आणि परत जागेवर ठेवली. मग त्यानं मामीचा अंगठा बघितला.

"चर्चमधल्यांपेक्षा छान निघाल्यात," तो म्हणाला.

मामी चक्क लाजली. सत्तरी ओलांडलेली बाई, पण अशी लाजली की मीच दुसरीकडे बघितलं.

खाली गेल्यावर मामानं तळघराचं दार लावून घेतलं. आधी कधी लावलं नव्हतं.

"त्या मलमात अमोनिया आहे," तो म्हणाला.

"मग?"

"अमोनिया पितळाला आतून खातो. वरून काही दिसत नाही. उद्या फुटेल, दहा वर्षांनी फुटेल, कदाचित फुटणारही नाही. पण भरवसा गेला."

त्यानं फळीवरची वही काढून पहिलं पान उघडलं. त्याच्या तरुणपणीच्या अक्षरात, दोनदा अधोरेखित: अमोनिया नको.

"शमादानांना चालतं," तो म्हणाला. "त्यांच्यात बार उडवायचा नसतो. तिला कसं ठाऊक असणार? मी कधी सांगितलं? बेचाळीस वर्षांत एकदा तरी खाली बोलावून दाखवायला हवं होतं."

"मग आता चिरडूया. आणि तिला सांग."

त्यानं पक्कड घेतली. एक पुंगळी जबड्यात धरली. मी वाट बघत राहिले. त्याचा हात हलत होता, पण तो नेहमीचाच. बऱ्याच वेळानं त्यानं पक्कड खाली ठेवली.

"तिचा अंगठा बघितलास?" तो म्हणाला.

त्या पन्नास पुंगळ्या त्यानं कॉफीच्या रिकाम्या डब्यात भरल्या, झाकणावरून चिकटपट्टी फिरवली आणि डबा सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवायला मला सांगितला. डब्यावर काही लिहिलं नाही. मी म्हटलं, "मामा, नियम?" तर म्हणाला, "माहीत आहे." मी रागावले. खरंच रागावले. हा माणूस उद्या गेला तर भाचे-पुतणे तळघर आवरायला येणार, त्यांना पन्नास देखण्या पुंगळ्या सापडणार, आणि कुणीतरी त्या भरणार. हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी मी डबा वर ठेवला. मीही त्याचीच भाची.

गुरुवारी आम्ही जुन्यापुराण्या, मळकट रंगाच्या वीस पुंगळ्या भरल्या. मामी जिन्याच्या टोकाशी येऊन विचारून गेली, "माझ्या भरल्यात ना?" मी मान खाली घालून मोजत होते, आणि मोजताना बोलायचं नसतं हा नियम मला इतका कधीच आवडला नव्हता. माझं मोजून झाल्यावर मामा जिन्याकडे तोंड करून म्हणाला, "मोसमाच्या पहिल्या दिवशी कळेल." ते ना खरं, ना खोटं.

एक खोटं झाकायला दुसरं लागतं म्हणतात. इथे दुसऱ्याची गरजच पडली नाही. मामीच्या आनंदानंच काम केलं. रविवारी प्रार्थनेनंतरच्या कॉफीला तिनं सगळ्या टेबलाला सांगितलं. वेदीवरच्या बायकांना सांगितलं, पाद्रीबाबांना सांगितलं. गेलॉर्ड स्टेनसेथ म्हणून आमचा गव्हाचा शेतकरी आहे, शेजारीच राहतो, त्याला म्हणाली, "तुमच्याही आणा. मला आता हात बसलाय." मामा समोर वडीचा तुकडा धरून बसला होता. तुकडा बशीत परत गेला.

गेलॉर्ड वेळ घालवणारा नाही. त्याच दुपारी तो बादली घेऊन आला. दोनशेच्या वर पुंगळ्या. मी मामाला दुपारचं औषध द्यायला आले होते, तेव्हा गेलॉर्ड दारातून निघतच होता.

"लव्हॉन, घाई नको हं," तो म्हणाला. "नातवंडं येतायत पुढच्या शनिवारी. त्यांना शिकवायला लागतील. थोरली तर माझ्याहून बरा नेम धरते."

दार लागलं. मामीनं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, बादलीतून मूठभर पुंगळ्या काढल्या आणि मलमाच्या डब्याचं झाकण उघडलं. तो वास स्वयंपाकघरभर पसरला. मामा खिडकीशी खुर्चीत होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो नाही बोलला तर मी बोलणार होते, एवढं त्यानं ओळखलं असावं.

"लव्हॉन," तो म्हणाला, "झाकण लाव."

"वास येतोय का? खिडकी उघडते."

"वासाचं नाही. झाकण लाव आणि बस."

ती बसली. मामानं सांगितलं. मी त्याला एका दमात इतकं बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. अमोनिया, पितळ, आतल्या भेगा, न सांगितलेली बेचाळीस वर्षं. शेवटी म्हणाला, "तुझी चूक नाही. माझी आहे."

मामीनं तो डबा दूर सारला. मग म्हणाली, "तुला कधी कळलं?"

"टेबलावर होत्या तेव्हाच."

"नऊ दिवस." तिनं बोटांवर मोजले. "नऊ दिवस तू मला गावभर मिरवू दिलंस. मी पाद्रीबाबांना सांगितलं, एल्डन."

"हो."

"गेलॉर्डची नातवंडं."

"म्हणून तर आज सांगितलं."

"म्हणजे ती बादली आली नसती तर सांगितलंच नसतंस." तिचा आवाज चढला नाही, पण मी खुर्ची सोडून उभी राहिले. "मी काही काचेची नाहीये. आता सांभाळून घ्यायची वेळ माझी आहे, कळलं? तुझी पाळी संपली. तुझी बटणं मी लावते, कॉफी अर्धाच कप भरते, आणि तरी तूच मला सांभाळत बसलास? मला ते नकोय. तू मला रागव. 'लव्हॉन, वाटोळं केलंस' असं म्हण. तेवढं तरी बोल माझ्याशी."

मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते पुसलं नाही. त्याचा हात तोंडापर्यंत जाईतो वेळ लागतो.

"लव्हॉन," तो म्हणाला, "वाटोळं केलंस."

"हां," मामी म्हणाली आणि नाक शिंकरलं. "आता सांग. खराब झाल्यावर काय करतात?"

"पक्कडीनं चिरडायच्या. लगेच."

"मग का नाही चिरडल्यास?"

"हात चालत नाहीत."

हे निम्मंच खरं आहे हे तिला कळलं, आणि कळलंय हे त्यालाही कळलं. तिनं अंगठ्यावरची पट्टी नीट केली, त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं आणि तळघराचं दार उघडलं.

जिना अरुंद आहे. ती पुढे उलट्या पावलांनी उतरत गेली, त्याचे दोन्ही हात धरून, एकेक पायरी. माझं लग्न मोडल्याला बरीच वर्षं झाली. मला अशा गोष्टी बघून वाईट वाटत नाही असं मी लोकांना सांगते. त्या दिवशी वाटलं.

कॉफीचा डबा मी फळीवरून काढून दिला. मामानं पक्कड धरली. मामीनं समोरून तिचे दोन्ही हात त्याच्या हातांवर ठेवले, आणि दोघांनी मिळून दाबलं. पहिली पुंगळी कर्रकन चपटी झाली. मामीनं तोंड वाकडं केलं. "किती सुंदर होती," ती म्हणाली. "होती," मामा म्हणाला. मग दुसरी. दहाव्यापर्यंत त्यांना लय सापडली होती. ती ठेवायची, तो 'हं' म्हणायचा, दोघं दाबायची. तिच्या हातांखाली त्याचे हात जवळजवळ हलत नव्हते. मी जिन्यात उभी राहिले. तिथे कुणी दारू मोजत नव्हतं, तरी मी तोंड उघडलं नाही.

शेवटची पुंगळी हातात घेऊन मामी थांबली. "ही एक ठेवू? आठवण म्हणून?"

मामानं विचार केला. मला वाटलं, आता हा विरघळणार.

"नाही," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि तीही गेली.

गेलॉर्डची बादली त्याच दुपारी साबणाच्या पाण्यात पडली. वहीत मामाला लिहिता येत नव्हतं, म्हणून तो सांगत गेला आणि मामीनं तिच्या गोल अक्षरात लिहिलं: पन्नास पुंगळ्या. लव्हॉननं घासल्या. चिरडल्या. त्याखाली तिनं त्याला न विचारता एक शब्द जोडला: दोघांनी.

मोसमाच्या पहिल्या दिवशी आम्ही तिघं टेकडीखालच्या कुरणाशी गेलो. मामीला आजवर कुणी नेलं नव्हतं. ती थर्मास आणि घोंगडी घेऊन आली आणि गवताच्या गठ्ठ्यावर मामाशेजारी बसली. उजाडल्यावर ओढ्यातून एक नर हरण वर आलं. मी बंदूक मामाकडे दिली. त्यानं ती मांडीवर घेतली, तिच्या लाकडावरून एकदा हात फिरवला आणि माझ्याकडे परत दिली.

"तू," तो म्हणाला.

एका गोळीत हरण पडलं. मी बंदुकीचा बोल्ट मागे ओढला, पुंगळी गवतात उडाली, आणि सवयीनं मी ती शोधून मामाला दिली. ती अजून गरम होती. त्यानं ती स्वतःजवळ ठेवली नाही. मामीचा हात उघडला, तिच्या तळव्यावर ठेवली आणि तिची बोटं मिटवली.

मामीनं मूठ उघडून ती निरखून बघितली. मळकी, काजळी लागलेली, तोंडाशी काळी.

"आधी साबण ना?" तिनं विचारलं.

"आधी बुडातली टोपी काढायची," मामा म्हणाला. "मग साबण. घरी चल, दाखवतो."